नवा रेल्वे गेम घेतला, पण मन रमेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वे व्यवस्थापनाच्या गेमबद्दलची नाराजी दोन जातींची असते. एक पॅच (गेम दुरुस्त करणारं अपडेट) आला की मिटते. दुसरी गेमच्या पायातच असते, तिला पॅचचा उपयोग नाही. आपली नाराजी कोणत्या जातीची, हे परताव्याची मुदत संपायच्या आत कळलं तर बरं. खालचे प्रश्न कुठल्या एका गेमचे नाहीत. उदाहरणं मात्र खऱ्या गेमची आहेत.

गेम नुकताच घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी कंटाळा आला. आधी काय करू?

घड्याळ बघा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात परतावा हवा असेल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागावा लागतो आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी असावा लागतो. गेम पॉझ करून जेवायला गेलात किंवा मुख्य मेनू उघडा ठेवून झोपलात तरी तो वेळ धरला जातो, कारण मोजला जातो तो प्रोग्रॅम चालू असल्याचा वेळ. ट्युटोरियलमध्येच ७०-८० मिनिटं खाणारे रेल्वे गेम आहेत, आणि खरा गेम कसा आहे हे ट्युटोरियलवरून कळत नाही.

म्हणून ट्युटोरियल अर्ध्यात सोडा. सँडबॉक्स किंवा फ्री मोड उघडा, पैसे अमर्याद करा आणि मुद्दाम छळ करणारा नकाशा रचा: तीन शहरं, मध्ये एक जंक्शन, एक एकेरी मार्ग, एक चढ आणि बारा गाड्या. या बारा गाड्यांचं जंक्शनवर काय होतं, हे बघायला ४० मिनिटं पुरतात. मोहिमेच्या पहिल्या तीन पायऱ्या सहा तास खेळूनही एवढी माहिती मिळत नाही.

परतावा मागायचा कसा? सगळ्या दुकानांचे नियम सारखेच आहेत का?

नाहीत. स्टीमच्या मदत विभागात खरेदीची यादी उघडायची, गेम निवडायचा, परतावा हवा असल्याचा पर्याय घ्यायचा, कारण लिहायचं आणि पैसे मूळ मार्गाने हवेत की स्टीमच्या वॉलेटमध्ये ते सांगायचं. मंजुरी मिळाली की आठवड्याभरात रक्कम जमा होते. एपिकचाही हिशेब १४ दिवस आणि २ तासांचाच. जीओजी बरंच उदार आहे: ३० दिवस, आणि गेम डाउनलोड करून खेळला असला तरी चालतो.

स्टीमचे दोन बारकावे. आगाऊ नोंदणी केली असेल तर गेम बाजारात येण्यापूर्वी केव्हाही पैसे परत मागता येतात. पण महागडी आवृत्ती घेऊन तीन दिवस आधी खेळायला मिळालं असेल, तर त्या तीन दिवसांतला खेळही २ तासांच्या हिशेबात येतो. स्टीमने २०२४ च्या एप्रिलपासून तसा नियम केला आहे. दुसरा बारकावा डीएलसीचा, म्हणजे मूळ गेमला जोडायला वेगळ्या विकत घ्यायच्या भागाचा. डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच ते परत करता येतं. मूळ गेम आधी ३०० तास खेळला असला तरी हरकत नाही.

गाड्या सिग्नलपाशी अडकून बसतात. हा बग आहे की माझी चूक?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा दोष जाळ्याच्या रचनेत असतो. आधी तपासायची पद्धत.

गेम थांबवा. अडकलेली कोणतीही एक गाडी निवडा आणि ती कशासाठी थांबली आहे ते शोधा: तिच्या पुढच्या ब्लॉकमध्ये (दोन सिग्नलांमधल्या रुळाच्या तुकड्यात) कोण उभं आहे? ती दुसरी गाडी कोणासाठी थांबली आहे? असं मागोवा घेत जा. फिरून पहिल्याच गाडीपाशी आलात तर ती कोंडी आहे आणि दोष रुळांच्या आखणीचा आहे. पण साखळीच्या टोकाला अशी गाडी सापडली की जिच्यापुढे रूळ मोकळा, सिग्नल हिरवा, मार्ग जोडलेला, आणि तरी ती हलत नाही, तर तो बग समजा. सेव्ह फाइल जपून ठेवा, पुढे उपयोग आहे.

आता कोंडी का होते ते. जुन्या पद्धतीचा ब्लॉक सिग्नल एवढंच बघतो की पुढच्या तुकड्यात गाडी आहे का. तुकडा रिकामा दिसला की तो गाडीला आत सोडतो. तिला पलीकडे बाहेर पडायला जागा आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मग गाडी जंक्शनच्या मध्यावर, सांध्यांवर उभी राहते आणि आडव्या मार्गावरच्या गाड्या तिच्यासाठी खोळंबतात. मार्ग राखून ठेवणारा सिग्नल पुढच्या थांबायच्या जागेपर्यंतचा अख्खा मार्ग मोकळा असेल तरच गाडी सोडतो. ओपनटीटीडी या वाहतुकीच्या गेममध्ये त्याला पाथ सिग्नल म्हणतात. फॅक्टोरिओ या कारखाने बांधायच्या गेममध्ये तेच काम चेन सिग्नल वेगळ्या रीतीने करतो, तो पुढच्या सिग्नलची स्थिती बघून आपली ठरवतो. नियम दोन्हीकडे एकच: जंक्शनमध्ये शिरताना मार्ग तपासणारा सिग्नल, बाहेर पडताना साधा सिग्नल, आणि बाहेरच्या त्या सिग्नलनंतर सर्वात लांब गाडी पूर्ण मावेल एवढा मोकळा ब्लॉक.

घोळ होतो तो या शेवटच्या अटीत. समजा तुमची गाडी ६ चौकोन लांब आहे आणि बाहेरचा ब्लॉकही ६ चौकोनांचा. सगळं सुरळीत चालतं. वीस वर्षांनी नवं ताकदवान इंजिन येतं, तुम्ही दोन डबे वाढवता, गाडी ८ चौकोनांची होते आणि शेपूट जंक्शनवर राहू लागतं. जाळं कोलमडतं आणि खेळाडू म्हणतो, ‘कालपर्यंत चालत होतं, पॅचने वाट लावली.’ पॅच बिचारा निर्दोष असतो. सुरुवातीलाच पुढच्या काळातल्या गाडीची लांबी धरून ब्लॉक आखा. फलाटांनाही हाच हिशेब लागू आहे.

एकेरी मार्गावर लूप टाकले, तरी समोरासमोर गाड्या अडकतात. का?

कारण लूपमधले (गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या दुहेरी तुकड्यातले) दोन्ही रूळ दुतर्फा ठेवलेले असतात. पूर्वेकडे जाणाऱ्या दोन गाड्या एकाच लूपचे दोन्ही रूळ अडवतात, पुढच्या लूपमध्ये पश्चिमेकडच्या दोन गाड्या तेच करतात, आणि मधल्या एकेरी तुकड्यात कोणीच शिरू शकत नाही. उपाय सोपा आहे: लूपमधला प्रत्येक रूळ एकाच दिशेसाठी बांधून टाका. सिग्नल लूपच्या बाहेर पडण्याच्या टोकाला, एकदिशा, मार्ग राखणारा. मधल्या एकेरी तुकड्यात एकही सिग्नल नको. हौसेने तिथे सिग्नल टाकला की गाडी मध्येच थांबायला मोकळी होते, आणि तिथे थांबली की संपलं.

क्षमताही आधीच मोजून ठेवा. दोन लूपमधला सर्वात लांब तुकडा पार करायला ६ मिनिटं आणि सांधे बदलायला १ मिनिट लागत असेल, तर दोन्ही दिशा मिळून तासाला आठ गाड्यांच्या वर जाता येत नाही. बाकीचे तुकडे कितीही आखूड असोत, मार्गाची क्षमता तो एक तुकडा ठरवतो. नवा लूप टाकायचा तर त्याच तुकड्याच्या मधोमध, आणि ‘मधोमध’ म्हणजे अंतराने नव्हे, वेळेने. एका बाजूला चढ असेल तर लूप चढाच्या बाजूला सरकवावा लागतो.

माझ्या गेममध्ये गाड्या एकमेकींच्या आरपार जातात! हे काय आहे?

बहुधा सोपी पातळी चालू आहे. १९९० च्या रेलरोड टायकूनपासून ही सोय आहे. तिथे टक्कर न होणारा कारभार आणि सिग्नलवर लक्ष ठेवावं लागणारा कारभार, असे दोन पर्याय होते. स्पर्धा आणि अर्थकारण यांचेही असेच सोपे-कठीण पर्याय होते. रेल्वे एम्पायरमध्येही साध्या पद्धतीत सिग्नलचा जाच नाही, वास्तववादी पद्धतीत आहे. नवा खेळ सुरू करतानाच्या पडद्यावर हा पर्याय शोधा; चालू खेळात तो बहुधा बदलता येत नाही. सोय कुठेच दिसली नाही, तर गेम सिग्नलचा नाहीच हे मान्य करा. अशा गेममध्ये नंतर सिग्नल आणणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया बदलणं.

स्टेशनवर प्रवाशांचे ढीग, गाड्या भरपूर, तरी ढीग कमी होत नाहीत.

गाड्यांची संख्या महत्त्वाची नाही, दोन गाड्यांमधलं अंतर महत्त्वाचं. एका फेरीला (जाऊन-येऊन, थांब्यांसकट) लागणारा वेळ भागिले गाड्या, म्हणजे दर किती मिनिटांनी गाडी. फेरी २४ मिनिटांची आणि गाड्या ४, तर दर ६ मिनिटांनी एक, तासाला १०. गाडीत २०० जागा असतील तर एका दिशेला तासाला २,००० प्रवासी. मागणी ३,००० ची असेल तर ६ गाड्या हव्यात, चारांवर कितीही रंगरंगोटी केली तरी भागणार नाही.

हिशेब बरोबर असूनही ढीग साचत असतील तर गाड्यांचा पुंजका झाला आहे. एक गाडी थोडी उशिरा पोहोचली की फलाटावर जास्त माणसं जमलेली असतात, चढ-उताराला जास्त वेळ जातो, ती आणखी मागे पडते. तिच्या मागचीला रिकामा फलाट मिळतो, ती पुढे धावते आणि पहिलीला येऊन चिकटते. तासाभरात चारही गाड्या वरातीसारख्या एकामागोमाग फिरू लागतात. बहुतेक गेममध्ये यावर आपोआप उपाय होत नाही. एका टोकाच्या स्थानकावर वेळापत्रक किंवा किमान थांबा लावा, तोही अशा ठिकाणी जिथे थांबलेल्या गाडीमुळे मागच्या गाड्या अडणार नाहीत, म्हणजे किमान दोन फलाट असतील तिथे. ‘पूर्ण भरल्याशिवाय निघू नये’ हा आदेश प्रवासी गाड्यांना कधीही देऊ नका. मालगाडीला द्या, पण फक्त माल चढतो त्या टोकाला.

फलाटाचीही मर्यादा असते. गाडी आत यायला, थांबायला आणि बाहेर पडून सांधे मोकळे व्हायला मिळून अडीच मिनिटं लागत असतील, तर त्या फलाटावर तासाला २४ गाड्या, एकही जास्त नाही. पंचविसावी गाडी घेतली की रांग मागे सरकते आणि मागचं जंक्शन अडवते. मग तक्रार जंक्शनची होते.

कारखान्यात माल आहे, गाडी पाठवली, तरी माल कमी-कमीच मिळतो.

बऱ्याच गेममध्ये स्थानकाला दर्जा असतो आणि उत्पादनातला तेवढाच हिस्सा तुमच्या हाती येतो. ओपनटीटीडीचं गणित उघड आहे, म्हणून तेच सांगतो. दर्जाच्या टक्क्यांत सर्वात मोठा वाटा असतो शेवटची गाडी माल घेऊन किती दिवस झाले याचा, कमाल ५१ टक्के. साडेसात दिवसांत गाडी आली तर पूर्ण ५१ मिळतात, पंधरा दिवसांत ३७, तीस दिवसांत २०, साडेबावन्न दिवसांत १०, त्यानंतर शून्य. वेगाचे कमाल १७, साचलेला माल कमी असेल तर कमाल १६, नव्या गाडीचे १३ आणि गावात पुतळा उभारला तर १०.

यातून निघणारा डावपेच असा की एक गाडी कायम चढवत उभी ठेवायची. तिच्या मागे दुसरी येऊन थांबेल एवढी जागा ठेवायची. महागडं वेगवान इंजिन घेण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आणि जास्त गुणकारी. नव्या गेममध्ये असे आकडे दाखवत नसतील, तर नाराज व्हायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे. नियम लपवून ठेवलेला व्यवस्थापनाचा गेम म्हणजे आंधळी कोशिंबीर. सुदैवाने ही उणीव पॅचने भरता येते आणि तक्रारी वाढल्या की बहुधा भरली जातेही.

पैसा फार सहज मिळतो. तीन तासांत सगळे प्रतिस्पर्धी विकत घेतले, आता करू काय?

रेल्वेच्या गेमचं हे जुनं दुखणं आहे. पहिल्या मार्गाच्या नफ्यातून दुसरा, दोघांतून तिसरा, आणि चौथ्यानंतर कर्ज, व्याज, देखभाल या शब्दांना अर्थ उरत नाही. मोबदला अंतर आणि वेगावर अवलंबून असतो, पण रूळ टाकायचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे लांबचा मार्ग जवळजवळ नेहमीच जिंकतो. ज्या गेममध्ये पुरवठा वाढला की भाव पडतो, तिथे ही घसरगुंडी थोडी थांबते. २००३ च्या रेलरोड टायकून ३ मध्ये मालाचा भाव जागोजाग वेगळा असतो आणि तुमच्या गाडीशिवायही माल हळूहळू महागड्या बाजूला सरकतो, त्यामुळे भाव कुठे पडलाय ते सतत बघावं लागतं.

आपल्या गेममध्ये हे नसेल तर आधी अडचणीची पातळी वाढवा, पण ती काय वाढवते ते बघून. पुष्कळ ठिकाणी ‘कठीण’ म्हणजे फक्त सुरुवातीचे पैसे कमी आणि बांधकाम महाग. पहिला तास रडतखडत जातो, मग पुन्हा तेच. खरा फरक पडतो तो चालू खर्च, गाड्यांचं बिघडणं आणि मागणीची घट यांनी. तेवढेच पर्याय स्वतंत्रपणे वाढवता येत असतील तर वाढवा. नाहीतर स्वतःवर बंधनं घाला: कर्ज नाही, पाडापाडी नाही, प्रतिस्पर्धी विकत घेणं नाही. मोहिमेत मुदतीची उद्दिष्टं असतील तर ती खेळा, कारण सैल अर्थकारणाला वेळेचा ताण तेवढा घट्ट करतो.

अर्थकारणाचा समतोल पॅचने सुधारतो. आकडे बदलणं विकासकाला सोपं असतं. इथे पॅचसाठी थांबायला हरकत नाही.

शेजारच्या गावी पोहोचायला गाडीला दोन महिने लागतात. हा काय विनोद?

दिनदर्शिकेचा वेग आणि गाडीचा वेग, दोन वेगळ्या मापांत चालतात. ओपनटीटीडीत एक दिवस साधारण २ सेकंदांचा आणि वर्ष १२ मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांचा प्रवास म्हणजे दोन महिने झालेच. दिनदर्शिका गाडीच्या मापाने चालवली तर वाफेच्या इंजिनापासून विजेच्या इंजिनापर्यंत पोहोचायला आयुष्य जाईल. ही तडजोड मुद्दाम केलेली असते.

काही गेममध्ये ती सैल करता येते. ट्रान्सपोर्ट फीव्हर २ मध्ये तारखेचा वेग कमी करता येतो. ओपनटीटीडीच्या २०२४ च्या १४.० आवृत्तीपासून वेळ दिनदर्शिकेऐवजी खऱ्या मिनिटांत मोजायचा पर्याय आहे, वेळापत्रक लावणाऱ्यांसाठी तो फार सोयीचा. तारीख मंद केली की उत्पन्न आणि देखभालीचा हिशेब बिघडतो का, हे मात्र दोन-तीन वर्षांचे ताळेबंद बघून तपासा.

चढावर गाडी रांगते. इंजिन कमजोर दाखवलंय का?

नाही, बहुधा गणित खरं आहे आणि चढ तुम्हीच जास्त दिला आहे. ६०० टनांची गाडी १ टक्का चढावर न्यायची तर चढाचं ओझं सुमारे ५९ किलोन्यूटन. चाकांचा नेहमीचा विरोध साधारण १२ धरला तर एकूण ७१. ताशी ३६ किलोमीटरने जायला सुमारे ७१० किलोवॅट लागतात. तेच इंजिन अडीच टक्के चढावर घातलंत तर ओझं १५९ किलोन्यूटनवर जातं आणि वेग ताशी १६ वर येतो. ४ किलोमीटरचा तो घाट चढायला पाऊण नव्हे तरी पाव तास गेला, आणि घाटाच्या दोन टोकांनाच सिग्नल असतील तर त्या मार्गावर तासाला चारच गाड्या.

म्हणून वळसा घाला किंवा बोगदा काढा. बांधकामाचा आकडा डोळ्यांत भरतो, रांगणाऱ्या गाडीचा तोटा दरवर्षी गुपचूप होत राहतो. घाटावर दुहेरी मार्ग टाकून चढत्या बाजूला जास्त सिग्नल देणं हा मधला मार्ग.

दोनशे गाड्या झाल्यावर गेम अडखळतो. ग्राफिक्स कमी करूनही फरक नाही.

नसणारच. चाचणी करा: सर्वात गजबजलेल्या जागी कॅमेरा ठेवा, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) बघा आणि गेम पॉझ करा. पॉझ केल्यावर फ्रेम रेट एकदम वाढला तर भार हिशेबाचा आहे, म्हणजे प्रोसेसरचा. वाढला नाही तर चित्र काढण्याचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा. तेव्हा सावल्या, झाडं आणि रिझोल्यूशन कमी करा.

हिशेबाचा भार असेल तर कारणं ठरलेली. प्रत्येक प्रवाशाचं घर, कामाची जागा आणि मार्ग वेगळा धरणारे गेम लोकसंख्या वाढली की दमतात. मार्ग शोधणारा भाग जंक्शनं आणि पर्याय वाढले की दमतो. शिवाय हिशेबाचा मोठा भाग पुष्कळदा एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकाच कोरवर चालतो, त्यामुळे सोळा कोरचा प्रोसेसर असला तरी पंधरा कोर प्रेक्षक असतात. घेताना एका कोरचा वेग बघावा तो यासाठीच.

हातात असलेले उपाय: नकाशा लहान घ्या. बाजू दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं, १०२४ वरून २०४८ ही साधी उडी नव्हे. शहरांची वाढ मर्यादित करा. गाड्या कमी करून लांब करा. ५ डब्यांच्या दोन गाड्यांपेक्षा १० डब्यांची एक हिशेबाला हलकी. एकमेकांशी संबंध नसलेली जाळी जोडू नका. आणि दर काही मिनिटांनी एकदाच मोठा झटका बसत असेल तर ऑटोसेव्ह बघा, बाकी काही नाही.

एकाच धाग्यावरचा हिशेब नंतर अनेक धाग्यांवर पसरवणं फार अवघड काम आहे. पॅचने थोडा वेग वाढेल, चमत्कार होणार नाही.

नवी आवृत्ती आल्यापासून गेम बंद पडतो. जुनी परत मिळेल का?

आधी फाइल तपासा: स्टीमच्या लायब्ररीत गेमवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, मग फाइलींची अखंडता तपासायचा पर्याय. मग सगळे मॉड (खेळाडूंनी बनवलेले जोडबदल) काढून नवा खेळ सुरू करून बघा, जुनी सेव्ह फाइल उघडून नव्हे. तरीही पडत असेल तर प्रॉपर्टीजमधल्या बीटाज या भागात जुनी आवृत्ती ठेवली आहे का बघा. विकासकाने ठेवली असेल तरच दिसते. नव्या आवृत्तीत केलेली सेव्ह फाइल जुन्यात सहसा उघडत नाही, म्हणून सेव्हचं फोल्डर आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

बग कळवला तर उपयोग होतो का?

नीट कळवला तर होतो. ‘गाड्या अडकतात’ या वाक्यावर कोणीही काम करू शकत नाही. बग घडण्याच्या एक-दोन मिनिटं आधीची सेव्ह फाइल द्या, घडून गेल्यानंतरची नको. सोबत आवृत्तीचा क्रमांक, मॉडची यादी (शक्यतो मॉडशिवायच घडवून दाखवा), गाडीचं नाव आणि नकाशावरची जागा, काय अपेक्षित होतं आणि काय झालं. गेम बंदच पडला असेल तर लॉग फाइल (गेम स्वतः ठेवतो ती नोंद). गेम पुन्हा सुरू केला की ती बऱ्याचदा पुसली जाते, आधी तिची प्रत काढा.

काय सुधारेल आणि काय नाही, हे आधी कसं ओळखायचं?

हाच कळीचा प्रश्न. सुधारतं ते असं: मेनू, शॉर्टकट, याद्यांची चाळणी, सूचनांचा भडिमार, भाषांतर, अर्थकारणाचे आकडे, गाड्यांचे नवे प्रकार, रूळ टाकताना चुकीच्या जागी चिकटणं, गेम बंद पडणं. हे सगळं वरच्या थरातलं काम आहे.

सहसा सुधारत नाही ते असं: सिग्नलची मूळ पद्धत, नकाशाचं प्रमाण, स्थानकाची ठरीव रचना (फलाटांची कमाल संख्या, गाडी मधून जाऊ शकते की नाही), प्रवासी एकेक मोजला जातो की ढोबळ आकड्यात. मल्टिप्लेअर नसेल तर नंतर जोडणंही फार जड जातं, कारण सगळ्या संगणकांवर तोच हिशेब अगदी बिंदूपर्यंत तसाच यावा लागतो आणि अशी शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी लागते.

विकासकाच्या पॅचची यादी उघडा आणि शेवटचे चार-पाच पॅच वाचा. त्यांत नुसत्या गाड्यांच्या रंगसंगती आणि नवे नकाशे असतील, तर अडचणींकडे कोणाचं लक्ष नाही. ‘मार्ग शोधताना अमुक परिस्थितीत होणारी चूक दुरुस्त’ अशा कंटाळवाण्या ओळी असतील तर ते उत्तम लक्षण. अर्ली ॲक्सेसच्या (पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेल्या) गेमला ही कसोटी दुप्पट लागू. तिथे आज जे आहे त्याचेच पैसे द्या, ‘पुढे येणार’ या यादीचे नव्हे.

डीएलसीने कमतरता भरून निघेल का?

क्वचित. डीएलसीत प्रदेश आणि गाड्या येतात, मूळ यंत्रणा तीच राहते.

परीक्षणं चांगली होती, तरी फसलो. कशी वाचायची?

परीक्षणासोबत दिलेले तास बघा. ५ तासांवर लिहिलेल्या स्तुतीत चित्रं आणि वातावरण असतं, ६० तासांवर लिहिलेल्या तक्रारीत यंत्रणा असते. दोन्ही खरी असतात. ‘सिग्नल’, ‘फलाट’, ‘वेळापत्रक’ हे शब्द शोधा. एका वाक्यात गेमला भंगार म्हणणारी परीक्षणं आणि एका वाक्यात उत्कृष्ट म्हणणारी परीक्षणं, दोन्ही सोडून द्या. तुम्ही लिहाल तेव्हा आवृत्तीचा क्रमांक टाका, म्हणजे वर्षभराने वाचणाऱ्याला तक्रार अजून लागू आहे का ते तपासता येईल.

मग मी कोणता गेम घ्यायला हवा होता?

कशाने हिरमोड झाला त्यावर आहे. सिग्नल आणि जाळं विणायची हौस असेल तर ओपनटीटीडी. तो फुकट आहे, १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सच्या पायावर उभा आहे आणि जुन्या संगणकावरही पळतो. सिमुट्रान्सही फुकट आहे, तिथे प्रत्येक प्रवाशाला आणि मालाला ठरलेलं ठिकाण असतं. गाडीत बसून देखावा बघायचा असेल, गावं वाढताना पाहायची असतील तर ट्रान्सपोर्ट फीव्हर २. कंपनी, स्पर्धक आणि शहरांच्या मागण्या आवडत असतील तर रेल्वे एम्पायर २, पण तिथे सूक्ष्म वेळापत्रकाची अपेक्षा धरू नका. खऱ्या जगाच्या नकाशावर प्रवासी मार्ग आणि वेळापत्रक आखायचं वेड असेल तर निम्बी रेल्स. दिसायला रुक्ष आहे, नकाशावरच्या रेषा आणि ठिपके एवढंच. बांधण्यापेक्षा सिग्नल केबिनमध्ये बसून गाड्या सोडायला मजा येत असेल तर रेल रूट.

ओपनटीटीडीत आधी आठवडाभर घालवा आणि मग ठरवा. तिथे जंक्शन बांधताना कंटाळा आला तर तुम्हाला जाळ्याचा नव्हे, देखाव्याचा किंवा कंपनीचा गेम हवा आहे.